दहा मोजून घेतलेलं रीडिंग

महाडच्या बाजारात भाजी घेताना अजूनही कोणीतरी मला गाठतं आणि विचारतं, "काय सर, ते तुमचं काळं पाणी निघालं का बाजारात?" मी "नाही अजून" म्हणतो आणि वांगी निवडायला लागतो. विचारणाऱ्यालाही उत्तराची फारशी घाई नसते. त्या काळ्या पाण्याची बातमी तालुक्यात बहुतेकांनी वाचली होती. पुढे त्याचं काय झालं, ते मात्र कुठे छापून आलं नाही. या अंकासाठी नोकरीतलं काही लिहा असा निरोप आला तेव्हा मला तेवढंच सुचलं.

मी महाडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. नोकरीच्या पायऱ्या सांगत बसत नाही. लेक्चरर म्हणून लागलो, प्रोफेसर म्हणून सुटलो आणि मधल्या काळात डोक्यावरचे केस गेले. शेवटची दहा-बारा वर्षं मी ज्या विषयात घालवली त्याचं नाव 'कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचे अरेषीय प्रकाशीय गुणधर्म' असं आहे. हे नाव मी घरी एकदाच उच्चारलं. बायको म्हणाली, "म्हणजे काजळीच ना?" तिचं बरोबर होतं.

विषय वाटतो तेवढा अवघड नाही. खिडकीच्या काचेवर जेवढा प्रकाश पडतो त्यातला ठरावीक हिस्सा पलीकडे जातो. ऊन दुप्पट झालं की पलीकडचा उजेडही दुप्पट. आलेख काढला तर सरळ रेष येते, म्हणून ही काच रेषीय. पण काही पदार्थांचं वागणं असं नसतं. प्रकाश मंद असतो तोवर ते त्याला खुशाल जाऊ देतात आणि तोच फार तीव्र झाला की अडवायला लागतात. शाळेच्या फाटकावरचा शिपाई उशिरा आलेल्या दोन-चार पोरांकडे काणाडोळा करतो, पण घोळका दिसला की फाटक लावून घेतो, तशातला प्रकार. काजळीचे कण पाण्यात नीट मिसळले तर ते पाणी असं वागतं. कण म्हणजे किती बारीक, तर आपल्या केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी उभे राहतील एवढे. लेसरचा झोत चुकून डोळ्यात जाऊ नये म्हणून असं पाणी मध्ये ठेवता येईल का, हा आमचा प्रश्न.

आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. महाडमध्ये किमती वस्तू तळमजल्यावर कोणी ठेवत नाही, का ते आमच्या भिंतींवरच्या पुराच्या रेघा सांगतात. खोलीत कडप्प्याची एक जाड लादी होती आणि तिच्याखाली हवा भरलेल्या स्कूटरच्या चार ट्यूब. हायवेवरून कंटेनर गेला की इमारत थरथरते आणि लेसरचा ठिपका भिंतीवर नाचायला लागतो. परदेशी कंपन्या त्यासाठी मोठी टेबलं विकतात. आमचं काम ट्यूबवर भागायचं, फक्त महिन्यातून एकदा पंप मारावा लागे.

लादीच्या एका टोकाला हिरवा लेसर, त्याच्यापुढे भिंग. भिंगातून निघालेला झोत निमुळता होत एका बिंदूत येतो आणि पुढे पुन्हा पसरतो. त्या वाटेवर काजळीच्या पाण्याची चपटी काचेची कुपी ठेवायची आणि एकेक मिलिमीटर पुढे सरकवायची. पलीकडे बारीक भोक पाडलेला पत्रा, भोकामागे प्रकाश मोजणारा मीटर. कुपी त्या बिंदूजवळ आली की झोत फार तीव्र होतो, पाणी स्वतःच भिंगासारखं वागायला लागतं, पलीकडचा ठिपका फुगतो किंवा आकसतो आणि भोकातून मीटरपर्यंत पोचणारा प्रकाश कमी-जास्त होतो. सगळी रीडिंगं कागदावर मांडली की आधी डोंगर येतो आणि मग दरी. डोंगर जितका उंच आणि दरी जितकी खोल, तितका पदार्थ गुणाचा.

"सर, ही आमच्या वाडीची वाट आहे," पहिला आलेख बघून सुजाता म्हणाली होती.

सुजाता माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पहिली आणि शेवटची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची बौद्धवाडी. तिथून खाली उतरून ती एसटीने महाडला यायची आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे तास घेतला तर मॅडम, सुट्टी लागली की कोणी नाही. सेटची परीक्षा तिची दोनदा थोडक्यात हुकली होती. कायम जागेसाठी अर्ज करायचा तर पीएच.डी. ही एकच वाट उरली होती, आणि आमच्या विषयातल्या जागेची जाहिरात कधी निघेल याचा काही नेम नसतो. निघेल तेव्हा पदवी हातात हवी, एवढ्यासाठी तिची सगळी धडपड होती.

काजळी तिच्याच घरची. तयार कार्बन मागवायचा म्हटलं की परवानग्यांमध्ये सहा महिने जायचे. तिची आई वाडीतल्या तान्ह्या पोरांसाठी काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा लावायचा, दोन विटांवर तांब्याचं ताट पालथं घालायचं, सकाळी ताटाखालची काजळी पिसाने डबीत उतरवायची. दुकानातल्या काजळासारखं त्यात भलतंसलतं काही नसतं. ही काजळी आम्ही यंत्राखाली तपासून घेतली तेव्हा तिचे कण इतके बारीक आणि एकसारखे निघाले की मी दोनदा तपासून घेतले. डबी द्यायला एकदा आई स्वतः प्रयोगशाळेत आली होती. खोलीतला अंधार, काळा पडदा, हिरवा ठिपका हे सगळं तिने शांतपणे बघितलं आणि लेकीला म्हणाली, "बालाच्या डोल्यात घालायची वस्तू ही. तुमी भिताडाच्या डोल्यात घालताय व्हय गो?"

आता माझ्या एका सवयीबद्दल. मीटरचं बटण दाबलं की काटा लगेच वाचायचा नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांपासून सगळ्यांना शिकवलं. काटा आधी डुलतो. डुलता काटा वाचणारा पोरगा घाईघाईत भलताच आकडा लिहितो आणि मग उत्तर जुळवायला शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. म्हणून मनात दहा मोजा, काटा बसू द्या, मग लिहा. प्रॅक्टिकलला मी पोरांच्या मागे उभा राहून ओठ हलताहेत का ते बघायचो. पोरं मागे मला दहामोजे सर म्हणत. हे आडनाव मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. मीटर आता आकडे दाखवणारे आले, पण आकडेही आधी सरकतातच. सुजातालाही मी पहिल्याच आठवड्यात हेच सांगितलं. कुपी सरकवायची, झोतासमोरचा पुठ्ठा काढायचा, दहा मोजायचे, लिहायचं. हजारो रीडिंगं तिने अशी घेतली. तिच्या वह्या इतक्या नीटस की मी त्या पुढच्या पोरांना नमुना म्हणून दाखवायचो.

तीन वर्षांत आमचा डोंगर भलताच उंच आला. जगभरच्या लोकांनी दिलेल्या आकड्यांपेक्षा आमचे आकडे कितीतरी मोठे. आता मागे वळून बघताना वाटतं की त्याच वेळी शंका यायला हवी होती. पण कोकणातल्या एका वाडीतल्या तांब्याच्या ताटाखाली जगावेगळं काही निघालं, ही कल्पना मला इतकी आवडली की मी शंकेला खुर्चीच दिली नाही. आमचा पेपर एका बऱ्यापैकी परदेशी नियतकालिकात आला. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. त्या पेपरचा मला प्रोफेसर होताना उपयोग झाला, हेही इथेच सांगून टाकतो.

मग बातमी आली. आमच्या कॉलेजचाच एक माजी विद्यार्थी वार्ताहर होता. त्याने मथळा दिला, 'महाडचे काजळ लेसर अडवणार'. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे गिऱ्हाईकं येत होती.

पाचाडहून एक हॉटेलवाले आले. म्हणाले, "सर, चुलीवरच्या भाकरीचं हॉटेल हाय आपलं, गडावर जानाऱ्यांची गर्दी असते. धुराड्यात पोतंभर काजली साठली हाय. तुमाला किती पायजे ते सांगा, पोरगा आनून टाकील." त्यांना वाटलं होतं, आम्ही खरेदी करतोय. एका निवृत्त हेडमास्तरांना हे पाणी मोतीबिंदूवर चालेल का ते विचारायचं होतं. घाटात ट्रक चालवणारा एकजण समोरच्या गाड्यांच्या दिव्यांनी वैतागला होता आणि त्याला काचेवर मारायला बाटलीभर हवं होतं. त्याची मागणी सगळ्यांत शहाणी होती. मी प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवायचो आणि मनातून सुखावायचो.

बाळाराम आला तेव्हा सुजाताचा प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते.

बाळाराम सुजाताच्या नात्याचा. एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याची वेल्डिंगची शेड. पन्नाशीचा माणूस, डोळे लालभडक, पापण्यांचे केस जवळजवळ नाहीतच. दारात चपला काढून आत आला आणि स्टुलावर बसायला तयार होईना.

"बातमी वाचली," तो म्हणाला. "आपल्या उपेगाचं हाय का बघायला आलो."

मी त्याला सांगितलं की वेल्डिंगसाठी काळी काच मिळते, ती वापरावी, आमचं काम वेगळं आहे.

"काच हाय ना सर. पन काच डोल्यावर घेतली की रॉड कुठं टेकवायचा ते दिसत नाय. म्हनून काच वर करायची, रॉड टेकवायचा, चमक उठली की काच खाली. त्या मधल्या टायमात डोले जातात. मंग रातभर वालू भरल्यावानी खुपतं. तुमचं पानी आपनहून कालं होतं म्हनतात, त्ये बेस हाय. पन किती टायमात होतं?"

"लगेच," मी म्हणालो.

"लगेच म्हंजे?"

तीन वर्षांत हा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारला नव्हता. पेपर तपासणाऱ्या दोन परदेशी तज्ज्ञांनीही विचारला नव्हता. मी सुजाताला म्हटलं, दाखव त्यांना.

सुजाताने कुपी जागेवर ठेवली, दिवा बंद केला आणि झोतासमोरचा पुठ्ठा काढला. आम्ही दोघं सवयीने मीटरकडे बघत होतो. बाळाराम आपल्या सवयीने झोत जिथे पडतो तिथे, म्हणजे पलीकडच्या भिंतीवर बघत होता. पत्रा आणि मीटर त्या दिवशी झोताच्या वाटेतून बाजूला काढलेले होते, त्यामुळे ठिपका थेट भिंतीवर पडत होता.

"पुन्यांदा करा," तो म्हणाला.

तिने पुन्हा केलं.

"ह्यो ठिपका आदी बारका व्हता, मंग फुगला. पुन्यांदा करा म्याडम."

तिसऱ्या वेळी पुठ्ठा निघाला तशी त्याने चुटकी वाजवली. ठिपका चुटकीनंतर फुगला. आम्ही तिघांनीही बघितलं.

"चुटकीपरीस जास्त टायम लागला," बाळाराम म्हणाला. त्याच्या आवाजात टीका नव्हती, थोडी निराशा होती. "एवढ्या टायमात माजे डोले गेले सर. माज्या कामाचं नाय ह्ये."

त्या चुटकीत आमची तीन वर्षं गेली. का, ते सांगतो. कार्बनच्या कणाचा स्वतःचा जो गुण आम्ही मोजतोय असं समजत होतो, तो असता तर ठिपका डोळ्याला कळणारही नाही इतक्या झटपट फुगला असता. हळूहळू फुगणारा ठिपका म्हणजे एकच गोष्ट: पाणी तापतंय. काळे कण प्रकाश पितात, कण तापले की भोवतालचं पाणी तापतं आणि तापलेलं पाणी भिंगासारखं वागतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा हलताना दिसते, त्यातलाच हा प्रकार. त्यात काजळीचं विशेष काही नाही. कोणताही रंगीत द्रव तसंच करील. पाण्याच्या तापण्याला आम्ही काजळीचा गुण म्हणून छापून बसलो होतो.

शिपायाने चहा आणला. दूध संपलं होतं म्हणून कोराच होता. बाळारामने कप उचलला. सुजाताने तिचा कप उचलला, थोडा चहा गाळणकागदातून गाळला, पाणी घालून काजळीच्या पाण्याइतका फिका केला आणि कुपीत भरला. तिने पत्रा आणि मीटर परत जागेवर लावले आणि एकेक मिलिमीटर पुढे जात रीडिंगं घेतली. बाळारामला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण महत्त्वाचं काहीतरी चाललंय एवढं कळलं असावं, कारण त्याने चहाचा घोटसुद्धा आवाज न करता घेतला. तासाभराने कागदावर डोंगर आला, मग दरी. चहाचा डोंगर काजळीच्या डोंगराएवढाच होता.

बाळाराम गेल्यावर सुजाताने कुपी धुऊन ठेवली. मग मी जे बोललो ते शब्दशः आठवतं, कारण त्यानंतर ते मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे.

"तीन आठवडे राहिलेत," मी म्हणालो. "प्रबंध आहे तसा दे. एक वाक्य घाल की उष्णतेचा काही वाटा असू शकतो. वेळेचं काय ते पुढच्या पेपरात बघू. पदवी आधी हातात पडू दे."

यात तिचं हित नव्हतं असं नाही. जाहिरात केव्हाही निघाली असती. पण छापलेल्या पेपरवरचं पहिलं नाव माझं होतं आणि ते मला त्या क्षणी नीट आठवत होतं.

"हो सर," सुजाता म्हणाली आणि पिशवी उचलून एसटी गाठायला गेली.

पुढचे चार दिवस ती तास घेऊन सरळ घरी जात होती. पाचव्या दिवशी आली ती हातात पत्र्याची एक गोल चक्री घेऊन. चक्रीला एकच बारीक फट आणि मध्ये टेबलफॅनच्या मोटारीवर बसेल असं भोक. फटीच्या कडा इतक्या साफ की मी बोट फिरवून बघितलं.

"बाळारामदादांनी करून दिली," ती म्हणाली. "फट झोतासमोर आली तेवढ्यापुरताच प्रकाश जाणार. मोटर जोरात फिरवली तर पाण्याला तापायला वेळच मिळणार नाही. मग कणाचं स्वतःचं जे काही असेल तेवढंच दिसेल."

"आणि काही दिसलंच नाही तर?"

"तर नाय," ती म्हणाली. वाडीतली भाषा ती कॉलेजात सहसा बोलत नसे. "सर, मला परवानगी नको. खोलीची किल्ली हवी."

मी किल्ली दिली. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली बरी गोष्ट म्हणून एवढीच सांगता येईल.

चक्री हळू फिरायची तेव्हा डोंगर जागेवर असायचा. मोटर वाढवत नेली की डोंगर बसत जायचा. पूर्ण वेगाला कागदावर जवळजवळ सपाट माळ उरला. सुजाताने तेही आलेख त्याच नीटस हाताने काढले. एवढ्यावर ती थांबली नाही. पाणी किती वेळात तापतं, काजळी किती घातली की किती, तेलात काय होतं, चहात काय होतं, हे सगळं तिने पहिल्यापासून मोजलं. प्रबंधाचं नाव बदललं, चारपैकी तीन प्रकरणं फेकून दिली. तीन आठवड्यांचं काम दीड वर्ष चाललं.

त्या दीड वर्षात जाहिरात निघाली. रत्नागिरीच्या अंगाला एका कॉलेजात, आमच्याच विषयाची, कायम जागा. पदवीशिवाय निवड होणार नाही हे ठाऊक असूनही ती मुलाखतीला जाऊन आली. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. तो मुलगा हुशार होता असं सुजातानेच मला सांगितलं.

त्या सुमारास पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मला तिची आई भेटली. डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिने मला विचारलं, "सर, पोरीचं काय चुकलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग?"

तेवढ्यात महाडची गाडी लागली आणि मी चढलो. गाडी सुटायला आणखी दहा मिनिटं होती, हे मला आणि तिला दोघांनाही माहीत होतं. ती खाली उभी राहिली नाही, पाटी उचलून गेली.

पेपरची दुरुस्ती मी संपादकांना कळवली. सुजाताने दोनदा आठवण केल्यावर कळवली. चार ओळी छापून आल्या. त्यात मी लिहिलं होतं, 'वापरलेल्या वाचनपद्धतीमुळे उष्णतेचा परिणाम वेगळा ओळखता आला नाही.' पद्धत कोणी वापरली, कोणी शिकवली, यातलं काही त्या वाक्यात नाही. अशी वाक्यं लिहायला आम्हा लोकांना फार चांगलं येतं. स्थानिक वर्तमानपत्राला मी काही कळवलं नाही. काजळ लेसर अडवत नाही, ही बातमी होत नाही.

शेवटी मौखिक परीक्षेचा दिवस आला. ही परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सहसा कोणी येत नाही. त्या दिवशी मागच्या बाकावर सुजाताची आई होती, नवं पातळ नेसून, आणि तिच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात बाळाराम. पहिल्या रांगेत मी, मार्गदर्शक म्हणून. बाहेरून आलेले परीक्षक माझ्यापेक्षा वयाने लहान आणि विषयात पुष्कळ पुढे गेलेले गृहस्थ होते. प्रबंध त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता.

चक्रीच्या प्रयोगाची त्यांनी तारीफ केली. वेळेचा प्रश्न कसा सुचला, असं विचारलं. सुजाताने मागे हात करून सांगितलं की हा प्रश्न त्या दादांचा, ते नात्याचे, वेल्डिंगचं काम करतात. परीक्षकांना ती थट्टा वाटली असावी, पण प्रबंधाच्या ऋणनिर्देशात बाळारामचं नाव माझ्या नावाच्या आधी होतं, ते तिने पान उघडून दाखवलं. बाळाराम अर्धवट उठला आणि परत बसला.

मग परीक्षकांनी चष्मा काढला. "एक गोष्ट कळत नाही," ते म्हणाले. "ठिपका नुसत्या डोळ्यांना फुगताना दिसतो. तीन वर्षं रोज प्रयोग करणाऱ्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात दिसायला हवं होतं. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

सुजाताने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे मुद्दाम बघितलं नाही.

"मी दहा मोजून रीडिंग घेत होते," ती म्हणाली.

"दहा? का?"

"सवय होती."

परीक्षकांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपलं.

खरी गोष्ट अशी आहे. पहिल्याच आठवड्यात, म्हणजे परीक्षक म्हणतात त्याच आठवड्यात, सुजाता वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली होती. म्हणाली होती, "सर, पुठ्ठा काढल्यावर आकडा सरकतोय. आधी वेगळा येतो, मग हळूहळू बदलतो. दरवेळी." तिने सरकणारे आकडेही वहीत लिहून आणले होते, एकाखाली एक. मी ते वाचले नाहीत. तपासायची उत्तरपत्रिका पुढ्यात होती, तिच्यावरची मान न उचलता मी म्हणालो, "दहा मोज, बसेल तो." तिने ते पान फाडून टाकलं, कारण वही नीटस हवी असंही मीच सांगितलं होतं.

परीक्षकांच्या समोर उभं राहून हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. खुर्चीवरून उठायचं, एवढंच काम होतं. मी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, आणि आधी जरा मन बसू दे म्हणून मनातल्या मनात मोजायला लागलो. दहा झाले तेव्हा परीक्षकांनी पुढचं पान उलटलेलं होतं.

सुजाताला पदवी मिळाली. जाहिरात त्यानंतर अजून निघालेली नाही आणि ती अजून तासिका तत्त्वावरच आहे. तिच्या प्रॅक्टिकलला पोरं बटण दाबल्या दाबल्या पहिला आकडा लिहितात, मग दुसरा, मग तिसरा, आणि त्यांच्या वह्या अगदी गचाळ दिसतात.